पुरलेलें धन आणि धातुशोधक यंत्राची पोंच

जुन्या वाड्यांतून तीन-चार पिढ्या नांदलेलें असें कुटुंब क्वचितच सांपडेल कीं, ज्यांत पुरलेल्या धनाची एकहि कथा चालत आलेली नाहीं. कोणाच्या खापरपणजोबांनीं धामधुमीच्या दिवसांत मोहरांचा तांब्या तुळशीवृंदावनाखालीं पुरला आणि जागा सांगावयाच्या आधींच त्यांची वाचा बसली. कोणाच्या परसांतल्या बुजलेल्या पेंवाशीं भुजंग राखण करीत असतो. कोणाच्या आजीला अमावास्येच्या रात्रीं माजघराच्या जमिनींतून नाण्यांचा खळखळाट ऐकूं येत असे. पूर्वीं अशा घरीं पायाळू माणूस शोधून आणीत, त्याच्या डोळ्यांत अंजन घालीत, आणि तो बोट दाखवील तेथें कुदळ मारीत. आतां अंजनाच्या जागीं यंत्र आलें आहे. धातुशोधक यंत्र, अर्थात् लोक ज्याला मेटल डिटेक्टर म्हणतात तें, आज थोड्या हजार रुपयांपासून कांहीं लाखांपर्यंत वाटेल त्या किंमतीला मिळतें. आणि त्याबरोबरच, आपलें यंत्र वीस फूट खोलीवरचें सोनें दाखवितें असें छातीठोकपणें सांगणारे विक्रेतेहि मिळतात. घरांतील तरुण मंडळी उत्साहानें पैसे जमवूं लागतात. वडील मंडळी वरवर हंसतात, परंतु कान त्यांचेहि टवकारलेले असतात. तेव्हां या यंत्राची खरी पोंच किती, हें एकदां नीट पाहून ठेवणें कोणत्याहि घरास उपयोगाचें होईल.

उत्तर आधींच सांगून टाकतों. रुपयाएवढें एकटें नाणें साध्या जमिनींत सपाट पडलेलें असेल, तर चांगल्या यंत्रास तें सहा ते दहा इंचांपर्यंत, म्हणजे वीतभर खोलीवर कळतें. यंत्र उंची असेल, नाणें मोठें व चांदीचें असेल, जमीन अनुकूल असेल आणि यंत्र फिरविणाऱ्याचा कान तयार असेल, तर बारा-चौदा इंच. याच्या पलीकडे एकट्या नाण्यासाठीं जो कोणी अनेक फुटांची भाषा बोलतो, तो एक तर स्वतः फसलेला असतो किंवा दुसऱ्यास फसवीत असतो. असें ठासून म्हणावयास आधार आहे, आणि तो यंत्राच्या रचनेंतच आहे.

यंत्राच्या दांडीच्या टोंकाशीं जी ताटलीसारखी चकती असते, तिच्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून दर सेकंदास हजारों वेळां दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. अशा प्रवाहाभोंवतीं तितक्याच वेगानें बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें व तें जमिनींत शिरतें. त्या क्षेत्रांत नाणें सांपडलें, कीं नाण्याच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे फिरूं लागतात. आणि हे भोंवरे फिरूं लागले म्हणजे नाणेंच एक चिमुकलें विद्युच्चुंबक बनून स्वतःचें क्षेत्र उलट वर पाठवूं लागतें. चकतींतील दुसरें वेटोळें ही उलट आलेली कुजबुज ऐकतें. हें दुसरें वेटोळें अशा खुबीनें बसविलेलें असतें कीं, पहिल्याचा गोंगाट त्याच्या कानीं जवळजवळ पडूंच नये. नाहीं तर ढोलाशेजारीं बसून मुंगीच्या पायांतील घुंगरू ऐकण्यासारखा तो प्रकार होईल. नाण्याचें उत्तर मूळ प्रवाहाच्या मागें किंचित् रेंगाळतें. चांदी व तांबें वीज उत्तम वाहून नेतात, म्हणून त्यांतले भोंवरे उशिरां विझतात. लोखंडाची तऱ्हा निराळी. या रेंगाळण्यांतील भेदावरूनच यंत्र खिळा कोणता आणि रुपया कोणता याचा अंदाज करितें. अंदाजच म्हणावयाचा, कारण शीतपेयाच्या डब्याची अल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांच्या बाबतींत चांगलीं चांगलीं यंत्रेंहि फसतात.

आतां खोलीचा प्रश्न. चकतीपासून दूर जावें तसतसें तिचें क्षेत्र क्षीण होत जातें, आणि तें साध्या प्रमाणांत नव्हे. अंतर दुप्पट झालें तर ढोबळ मानानें तें आठपट दुबळें होतें. म्हणजे नाण्यापर्यंत पोंचतांनाच शक्तीचा आठवा हिस्सा उरतो. नाण्याचें उत्तरहि त्याच वाटेनें परत यावयाचें, आणि परततांना तेंहि आठपट क्षीण व्हावयाचें. आठ आठे चौसष्ट! चकतीच्या आकाराच्या मानानें नाणें बरेंच दूर असेल, तेव्हां खोली दुप्पट होतांच उत्तर चौसष्टपट बारीक होतें. जवळच्या अंतरीं हा नियम थोडा सौम्य असतो. दहा इंच व्यासाची चकती घेऊन गणित मांडलें तर असें निघतें कीं, पांच इंचांवरील नाण्याचें उत्तर जेवढें, त्याचा सोळावा हिस्सा दहा इंचांवर मिळतो. आणि दहा इंचांवर जेवढें मिळतें, त्याचा सुमारें चाळिसावा हिस्सा वीस इंचांवर. मग दहा फुटांवर काय? तेंच नाणें दहा इंचांवरून जेवढें बोलतें, त्याचे पंधरा लक्ष भाग करून त्यांतला एक!

यंत्राची शक्ति वाढवावी म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्राचा कान तीक्ष्ण केला कीं जमिनीची गुणगुण आणि आसपासच्या विजेच्या तारांचा गोंगाटहि त्याच पटीनें वाढतो. पाठविण्याचा प्रवाह वाढविला तर जमिनीचें उत्तरहि वाढतें. सभेंत एकाची कुजबुज ऐकूं येत नाहीं म्हणून सगळ्यांनाच मोठ्यानें बोलावयास सांगितलें तर जें होईल, तेंच येथें होतें. चकती मोठी केल्यास थोडा लाभ आहे; पण मोठ्या चकतीचें क्षेत्र पसरट असतें, आणि लहान नाणें तिला जवळूनहि नीट दिसत नाहीं. छंदी लोकांचा ठोकताळा असा आहे कीं, चकतीचा व्यास जेवढा, साधारण तेवढीच एकट्या नाण्याची खोली. हा ठोकताळा कोणा शास्त्रज्ञानें घालून दिलेला नाहीं, गुडघे मातींत टेकून टेकून तो बसलेला आहे. आणि वरील गणिताशीं तो चांगला जुळतो.

हें सारें निर्मळ जमिनींत. आपल्याकडील जमीन निर्मळ नाहीं. दख्खनची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे व त्या खडकांत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात; कोंकणांतील जांभा तर लोहानें तांबडाच झालेला. अशी जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देऊं लागते. चांगल्या यंत्रांत जमिनीचा हा आवाज वजा करण्याची सोय असते, तरी पोंच कमी होते ती होतेच. समुद्रकांठची ओली वाळू खारेपणामुळें वीज वाहते, म्हणून तेथेंहि घोंटाळा. अशा ठिकाणीं प्रवाह सतत न सोडतां त्याचे झटके देणारीं आणि झटका थांबल्यावर कानोसा घेणारीं निराळ्या जातीचीं यंत्रें वापरतात. तीं अधिक खोल पोंचतात, पण खिळा आणि नाणें यांतील भेद त्यांस फारसा कळत नाहीं, आणि दिवसभर खिळे उकरीत बसण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय नाणें कडेवर उभें असेल तर त्याचें उत्तर दुबळें येतें. शेजारीं गंजका खिळा असेल तर त्याच्या आरोळींत नाण्याचा आवाज बुडून जातो. जुन्या वाड्यांत तर पावलोपावलीं खिळे, कड्या, बिजागऱ्या, नळाचे तुकडे, आणि अलीकडच्या डागडुजींतील लोखंडी सळ्या. तेथें यंत्र बहुधा अखंड वाजतच राहतें.

लोखंडाच्या या आरोळीची एक जुनी कथा आहे, आणि ती नाण्यासंबंधीं नसून माणसाच्या प्राणासंबंधीं आहे. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथें गोळ्या झाडण्यांत आल्या. एक गोळी पाठींतून शिरून आंतच राहिली. ती कोठें आहे हें कोणास कळेना. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे तो उपाय तेव्हां नव्हता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं डेव्हिड ह्यूज यांच्या १८७९ सालच्या कल्पनेवरून वेटोळ्यांचें एक यंत्र सिद्ध केलें आणि त्यास टेलिफोनचा कानाशीं धरावयाचा भाग जोडला. यादवी युद्धांतील कांहीं सैनिक अंगांत गोळी घेऊनच वावरत होते. त्यांच्यावर प्रयोग करून पाहिला, तेव्हां यंत्र बोललें. २६ जुलै व १ ऑगस्ट असें दोन वेळां तें अध्यक्षांच्या अंगावरून फिरविलें, पण गोळीची जागा हातीं लागली नाहीं. रोग्याच्या गादींत पोलादी तारा होत्या, आणि त्यांनीं यंत्रास भ्रम पाडला. त्यांतून मुख्य डॉक्टरांनीं गोळी उजव्या बाजूसच आहे असें धरून तेवढीच बाजू तपासूं दिली. १९ सप्टेंबरला गार्फील्ड वारले. शवचिकित्सेंत गोळी निघाली ती डाव्या बाजूस आणि चांगली खोल. जागेविषयीं आधींच मत ठरवून बसलेल्या माणसाच्या हातीं यंत्र दिलें म्हणजे काय होतें, हें या प्रसंगावरून जितकें दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणत्या.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या गेरहार्ड फिशर या जर्मन अभियंत्यानें १९३७ सालीं आपल्या शोधकयंत्राचें पेटंट मिळविलें. दुसऱ्या महायुद्धांत युझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्याचें हातयंत्र तयार केलें आणि पेटंट न घेतां ब्रिटिश सैन्यास देऊन टाकिलें. १९४२ सालच्या एल अलामेनच्या लढाईंत अशीं सुमारें ५०० यंत्रें घेऊन वाळवंटांतील सुरुंगांतून वाट काढण्यांत आली. युद्धानंतर उरलेलीं यंत्रें हौशी लोकांच्या हातीं गेलीं, ट्रान्झिस्टर आल्यावर तीं हलकीं झालीं, आणि इंग्लंडांत तर सुटीच्या दिवशीं शेतांतून चकती फिरवीत हिंडणें हा हजारों माणसांचा छंदच होऊन बसला. म्हणून यंत्राच्या पोंचेचीं पारखलेलीं उदाहरणें पाहावयाचीं तीं इंग्लंडांतीलच.

येथें सुज्ञ वाचकांस एक शंका येईल. पोंच जर वीतभरच, तर या लोकांस दीड-दोन हजार वर्षांपूर्वींचीं रोमन नाणीं सांपडतात तीं कशीं? एवढ्या काळांत तीं पाताळांत जावयास नकोत काय? याचें उत्तर गांडुळांपाशीं आहे. गार्फील्ड वारले त्याच वर्षीं चार्ल्स डार्विन यांचें गांडुळांवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. डार्विन यांनीं १८४२ सालीं आपल्या घराजवळील एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेविले होते, आणि तब्बल २९ वर्षें थांबून १८७१ सालीं तेथें चर खणून पाहिला. खडूचा पांढरा थर सात इंच खालीं गेलेला होता. एका प्रयोगासाठीं २९ वर्षें वाट पाहणारा मनुष्य आणि आठ दिवसांत गुप्तधन मागणारा मनुष्य हे एकाच जातीचे प्राणी आहेत, हें डार्विन यांच्याच सिद्धांतानें पटवून घ्यावें लागतें! असो. खडू आपल्या वजनानें बुडाला नव्हता; गांडुळांनीं खालची माती पोटांतून काढून वर टाकिली, आणि तुकडे आपोआप गाडले गेले. वाटेंत पडलेलें नाणेंहि असेंच खालीं जातें. परंतु गांडुळांचा हा उद्योग मुख्यतः वरच्या सुपीक थरांतला. तो थर संपला कीं नाण्याचें उतरणें मंदावतें. शेत नांगराखालचें असेल तर नांगर त्यास पुन्हां वर-खालीं करीत राहतो. म्हणून हातून पडलेलें नाणें शेतजमिनींत बहुधा वरच्या फूटभर मातींतच असतें, आणि यंत्राची आंखूड पोंच तेवढ्यास पुरते. नदीचा गाळ किंवा वस्तीचा राडारोडा वर सांचत गेला असेल तर मात्र तेंच नाणें पुरुषभर खालीं जातें, आणि मग यंत्राला तें असून नसल्यासारखें.

हरवलेलें धन आणि लपविलेलें धन यांत भेद आहे तो येथेंच. लपविणारा मनुष्य खड्डा खणतो, तो नांगर लागूं नये इतका खोल. पण त्याच्या ठेव्याचा आकारहि मोठा असतो, आणि येथें गणित थोडें आपल्या बाजूस वळतें. वस्तूचा व्यास दुप्पट झाला तर तिचें उत्तर सुमारें आठपट मोठें होतें. नाण्याच्या दसपट व्यासाचा, म्हणजे साधारण फूटभर रुंदीचा तांब्याचा हंडा घेतला, तर त्याचें उत्तर हजारपट. वरचीच दहा इंची चकती आणि वरचाच हिशेब लावला, तर जें यंत्र एकटें नाणें दहा इंचांवर जेमतेम ऐकतें, तें हा हंडा सुमारें पस्तीस इंचांवर ऐकेल. उत्तर हजारपट झालें, पण खोली वाढली ती साडेतीनपट! मातीच्या मडक्यांत सुटीं नाणीं असतील तर तेवढीहि नाहीं; कारण तेथें प्रत्येक नाण्यांतला भोंवरा स्वतंत्र फिरतो, सगळ्यांचा मिळून एक होत नाहीं. कमरेइतकी खोली ही मोठ्या ठेव्याचीहि बहुधा सीमाच समजावी.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी बेटावर याचा पडताळा आला. तेथील एका शेतांत पूर्वीं चांदीचीं नाणीं निघालीं होतीं, अशी एक जुनी गोष्ट रेज मीड व रिचर्ड माइल्स या दोघां छंदी मित्रांच्या कानीं आली. शेतकरी त्यांस पीक निघाल्यावर थोडेच तास यंत्र फिरवूं देई. असे ते सुमारें तीस वर्षें येत राहिले. २०१२ सालीं आधीं कांहीं सुटीं नाणीं मिळालीं. मग खोल जाणारें यंत्र आणून पाहतां तळाशीं मोठें उत्तर आलें. सुमारें तीन फुटांवर इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील केल्टिक नाण्यांची रास होती, आणि ती गंजानें एकमेकांस चिकटून एकच धातूचा खडक झालेली होती. नाणीं निघालीं जवळजवळ ७०,०००. इतका प्रचंड ठेवा, आणि तोहि तीनच फुटांवर! वीस फुटांची बढाई या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावी.

मग वीस फुटांची ग्वाही देणारीं यंत्रें असतात तरी कोणतीं? त्यांतील पुष्कळांत वेटोळें नसतेंच. मुठींत धरावयाचा एक दांडा, त्यावर मोकळी फिरणारी धातूची काडी, आणि शोभेला चार दिवे. काडी वळते ती धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीनें. पाणाड्याच्या हातांतील बेचकी वळते तशीच. असल्याच एका वस्तूची गोष्ट सर्व जगानें ऐकिली आहे. जेम्स मॅक्कॉर्मिक नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचें म्हणून विकलें जाणारें एक क्षुल्लक खेळणें घेऊन, तसल्याच वस्तूला ए. डी. ई. ६५१ असें भारदस्त नांव दिलें आणि बॉम्बशोधक यंत्र म्हणून ती इराक सरकारास हजारों डॉलर नगाप्रमाणें विकली. पहाऱ्यावरचे शिपाई ती काडी धरून मोटारी तपाशीत, आणि स्फोटकें त्यांच्यासमोरून पार जात. कित्येक माणसें प्राणास मुकलीं. २०१३ सालीं लंडनच्या न्यायालयानें मॅक्कॉर्मिक यास दहा वर्षांची शिक्षा दिली. सरकारें जेथें फसतात, तेथें गुप्तधनाच्या आशेनें डोळे झांकलेला एखादा घरमालक फसला तर नवल नाहीं. काडीनें जागा दाखविली कीं खड्डा सुरू होतो. चार फुटांवर कांहीं निघालें नाहीं तर आणखी चार फूट. वाड्याची जुनी भिंत पायाशीं उघडी पडते, पावसाळा येतो, आणि पुढचें सांगावयास नको. यंत्राचें अपयश झांकण्यासाठीं मग मांत्रिक पुढें होतो. या मार्गाचा शेवट किती अमानुष होऊं शकतो, हें ध्यानांत घेऊनच २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें धनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्यें हा दंडनीय अपराध ठरविला आहे.

आतांपर्यंत खोलीचा विचार केला तो धन हातीं लागण्याच्या दृष्टीनें. परंतु जमिनींतील खोलीस आणखी एक अर्थ आहे, आणि आमच्या मतें तो अधिक मोलाचा आहे. एप्रिल २०१० मध्यें सॉमरसेट परगण्यांत फ्रूम गांवाजवळच्या एका शेतांत डेव्ह क्रिस्प हे गृहस्थ यंत्र फिरवीत होते. हे रुग्णालयांत स्वयंपाकी होते. यंत्र चमत्कारिक वाजलें, त्यांनीं हातभरापेक्षां कमीच उकरलें, तों लहान रोमन नाणीं लागलीं आणि मडक्याची कड दिसली. कोणीहि मूठ घालून नाणीं उपसलीं असतीं. क्रिस्प थांबले, खड्डा बुजविला आणि पुराणवस्तु-अधिकाऱ्यांस कळविलें. तज्ज्ञांनीं येऊन मडक्यांतील नाणीं थराथरानें काढिलीं, प्रत्येक थर निराळा ठेविला. मडकें दोन फूट उंच, नाणीं ५२,५०३, वजन १६० किलो.

या थरांनीं काय सांगितलें तें पाहा. कोणासहि वाटेल, कीं एवढें मोठें मडकें म्हणजे कोणाची तरी जन्मभराची शिल्लक. वर्षानुवर्षें थोडथोडी टाकलेली. तसें असतें तर सर्वांत जुनीं नाणीं तळाशीं आणि सर्वांत नवीं वरती असावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे इसवी सन २८६ नंतर ब्रिटनमध्यें राज्य करणाऱ्या कॅरॉसियस याच्या नाण्यांपैकीं बहुतेक वरच्या थरांत नव्हतींच. तीं पुष्कळ खालीं निघालीं. म्हणजे सर्व नाणीं एकाच वेळीं मडक्यांत ओतलेलीं होतीं. तसेंच एवढें वजन घेऊन पातळ मडकें उचलतांच फुटलें असतें, त्या अर्थीं मडकें आधीं खड्ड्यांत बसवून मगच भरलें असलें पाहिजे. ही शिल्लक होती कीं देवतेस वाहिलेला नजराणा, यावर पंडित वाद करीत आहेत. पण तो वाद शक्य झाला, तो एका स्वयंपाक्यानें मडक्यांत हात घातला नाहीं म्हणून.

आपल्याकडे १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १३,२५० हून अधिक चांदीचीं नाणीं निघालीं, हें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. तीं क्षत्रप नहपानाचीं. आणि त्यांतील सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हां आपला छाप उठविलेला. एका राजानें दुसऱ्याचा पराभव केल्याची याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी? येथें साक्ष नाण्यांच्या अंगावरच छापलेली होती, म्हणून ती टिकली. फ्रूमची साक्ष नाण्यांवर नव्हती, नाण्यांच्या खालींवर असण्यांत होती. फावड्याच्या एका फटक्यानें ती पुसली गेली असती. आणि नाणींच जेथें पांगतात, तेथें तर कांहींच उरत नाहीं. १९४६ सालीं भरतपूर संस्थानांत बयाना येथें गुप्त राजांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा निधि सांपडला, आपले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं त्याची सूची सिद्ध केली. त्यांच्या हातीं १८२१ नाणीं आलीं, पण कांहीं त्याआधींच नाहींशीं झालेलीं होतीं. सोनाराच्या मुशींत गेलेल्या मोहरेवर कोणत्या राजाची कोणती मुद्रा होती, हें आतां कोण सांगणार?

क्रिस्प थांबले यांत त्यांचा सुज्ञपणा आहेच, पण कायद्यानेंहि त्यांस हात दिला. इंग्लंडच्या १९९६ सालच्या कायद्याप्रमाणें ठेव्याची वर्दी दिल्यास, तो ठेवा संग्रहालयानें घेतला तर बाजारभावानें किंमत मिळते व ती सामान्यतः शोधणारा आणि जमीनमालक यांत वांटली जाते. फ्रूमच्या ठेव्याची किंमत ३,२०,२५० पौंड ठरली. आपल्याकडील कायदा त्याहून पुष्कळ जुना, १८७८ सालचा. आणि तो फार थोड्या लोकांस ठाऊक असतो. जमिनींत लपविलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची कोणतीहि वस्तु सांपडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी देणें त्यानें बंधनकारक केलें आहे. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ च्या मानानें भारी असेल. आज तींत एकहि जुनें चांदीचें नाणें बसत नाहीं! कलेक्टर जाहीर सूचना काढून हक्कदारांस बोलावतो. कोणी मालक ठरला नाहीं, आणि दुसरा करार नसला, तर तीनचतुर्थांश भाग शोधणाऱ्याचा व एकचतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो ठेवा हवा असेल, तर धातूची किंमत व तिचा पंचमांश अधिक देऊन तें घेऊं शकतें. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैदहि होऊं शकते. ठेवा शंभर वर्षांच्या आंत पुरलेला असेल, तर पुरणाऱ्याच्या वारसांस दिवाणी न्यायालयांत हक्क सांगतां येतो. म्हणजे पणजोबांच्या तांब्याची कथा खरी निघाली, तर कुळांतील जुनीं टिपणें व पत्रें तांब्याइतकींच महत्त्वाचीं ठरतील. किल्ले, लेणीं व इतर संरक्षित स्थळीं परवानगीवांचून उकरणें हा तर सरळ अपराध आहे. तेथें यंत्र घेऊन हौसेनें हिंडणाऱ्या तरुणांस हें घरच्या वडीलधाऱ्यांनींच सांगितलेलें बरें.

घरगुती माणसास या यंत्राचा खरा उपयोग होतो तो पुरलेल्या वस्तूसाठीं नव्हे, हरवलेल्या वस्तूसाठीं. परसांत भांडीं घासतांना बोटांतून गळलेली अंगठी, अंगणांत पडलेलें जोडवें, वाफ्यांतल्या मातींत गेलेलें कुडें, हीं सर्व दोन-तीन इंचांच्या आंत असतात, आणि तेथें साधें स्वस्त यंत्रहि पुरून उरतें. मात्र जागेचे दोरीनें पट्टे पाडावे, चकती जमिनीला जवळजवळ टेंकून सावकाश फिरवावी, आणि प्रत्येक पट्टा आडवा व उभा असा दोनदां पाहावा. सोन्याची साखळी बारीक असली तर मोठ्या अंगठीपेक्षां तिचें उत्तर फारच क्षीण येतें, कारण तिच्या एकेका कडींत भोंवऱ्यास जागा ती किती!

इंग्लंडांतील सफोक परगण्यांत हॉक्सन गांवीं अशीच एक वस्तु हरवली होती. पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतांत कोठें तरी पडला, म्हणून १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं त्याचा मित्र एरिक लॉज आपलें यंत्र घेऊन आला. यंत्र वाजलें, पण तो हातोडा नव्हता. चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीं होतीं. थोडी वस्तु वर काढल्यावर लॉज यानें हात आवरला आणि अधिकाऱ्यांस बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं तज्ज्ञांनीं उरलेला ठेवा जागच्या जागीं मांडणीसकट उकलला, तेव्हां तो सारा एका लांकडी पेटींत नीट रचून ठेविलेला होता, हें लांकूड कुजून गेलें असतांहि समजून आलें. रोमन काळाच्या अखेरचीं तीं १४,८६५ नाणीं होतीं. ठेव्याची किंमत साडेसतरा लक्ष पौंड ठरली, आणि लॉज यानें आपल्या बक्षिसांत व्हॉटलिंगला वांटेकरी केलें. हातोडाहि त्याच शेतांत सांपडला. ठेव्याबरोबर तोहि आतां ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत आहे.